पाणी झिरपणारं काँक्रीट: 288 चौरस मीटर पार्किंगच्या प्रकल्प नोंदी

जागा: पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका सोसायटीचं उघडं पार्किंग. लांबी 24 मीटर, रुंदी 12 मीटर, लांबीच्या दिशेनं दीड टक्का उतार. वरून खाली रचना अशी: 150 मिमी सच्छिद्र काँक्रीट, त्याखाली धुतलेल्या खडीचा साठवण थर, त्याखाली मूळचा मुरूम. सळई कुठेही नाही. काँक्रीटमधून पाणी आणि हवा आरपार जाणार असल्यानं आतली जाळी गंजून फुगली असती आणि फरशी तिनंच फोडली असती.

6 जानेवारी

झिरपण्याची चाचणी. तीन ठिकाणी 300 मिमी व्यासाचे, 300 मिमी खोल खड्डे घेतले. खोली नियोजित तळापासून मोजली, आजच्या जमिनीपासून नाही. वरच्या थरात झिरपण कितीही असलं तरी तो थर खणून जाणारच आहे. काल रात्री खड्डे पाण्यानं भरून ठेवले होते. सकाळी 150 मिमी पाणी भरून दर अर्ध्या तासाला पातळी घेतली आणि सलग तीन वाचनं जुळेपर्यंत थांबलो.

खड्डा 1: तासाला 32 मिमी. खड्डा 2: 27 मिमी. खड्डा 3 (खालचा कोपरा): 4 मिमी.

पहिले दोन पिवळसर मुरमात आहेत. तिसऱ्यात काळी माती निघाली. कधीकाळी भराव टाकून जागा सपाट केलेली दिसते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि एकदा फुगली की पाणी घेत नाही. ती तिथे ठेवायची नाही.

गणितासाठी 27 घेतले आणि निम्मे केले, म्हणजे तासाला 13.5 मिमी. मोकळ्या खड्ड्यात पाणी बाजूनंही मुरतं, त्यामुळे आकडा नेहमी फुगलेला येतो.

9 जानेवारी

खोदाई. उतारावर साठवण थर बांधताना एक चूक वारंवार होते: तळही वरच्या उतारासारखाच ठेवतात. मग खडीतलं सगळं पाणी खालच्या टोकाला धावतं, तिथे काँक्रीटमधून वर येतं आणि वरची खडी कोरडीच राहते. म्हणून तळ तीन सपाट टप्प्यांत काढला. प्रत्येक टप्पा 8 मीटरचा, दोन टप्प्यांत 120 मिमीचा फरक. टप्प्याच्या खालच्या टोकाला खडी 250 मिमी भरते आणि वरच्या टोकाला 370.

साठवण मोजताना सरासरी 310 धरायची नाही. टप्प्यात पाणी सपाट उभं राहतं, त्यामुळे खालच्या टोकाची उंचीच निर्णायक असते. तिथे 200 मिमीवर सांडवा ठेवलाय. खडीत 40 टक्के पोकळी धरली तर 200 मिमी खडीत 80 मिमी पाणी मावतं. 288 चौरस मीटरवर ते 23,000 लिटर होतं. हवामान खात्याच्या वर्गीकरणात दिवसाला 64.5 मिमीपासून पुढे ‘जोरदार पाऊस’ धरतात, म्हणजे 64.5 मिमी पाऊस पूर्ण मावतो आणि वर थोडी जागा उरते. तासाला 13.5 मिमीनं भरलेला थर सहा तासांत रिता होतो.

तळावर रोलर फिरवला नाही. पोकलेन मागे सरकत खोदत गेला, खोदलेल्या भागावर साखळी चढू दिली नाही. तरी बादलीच्या पात्यानं मुरमाचा पृष्ठभाग घोटला गेला होता, तो दाताळ्यानं 50 मिमी उकरून घेतला. काळ्या मातीचा भाग सुमारे 22 चौरस मीटरचा, तो आणखी 400 मिमी खाली काढला. खाली मुरूम लागला. त्या खड्ड्यात बाहेरून आणलेला मुरूम भरला असता तर तो दाबावा लागला असता आणि दाबलेला मुरूम पाणी अडवतो. तिथेही खडीच भरायची ठरली.

16 जानेवारी

20 ते 40 मिमी खडीच्या पहिल्या गाड्या आल्या. क्रशरची भुकटी खड्यांना चिकटलेली, हातात घेतली की बोटं पांढरी होतात. बादलीत खडी घेऊन पाणी ओतलं तर ताकासारखं गढूळ. ही भुकटी पहिल्याच पावसात खाली उतरून मुरमावर साय धरते आणि झिरपण थांबवते. लोखंडी जाळीवर टाकून पाइपनं धुतली. दुसऱ्या धुण्यात पाण्याखालची जाळी दिसू लागली तेव्हा ती पास केली. धुण्याची जागा खोदाईपासून लांब आणि उताराच्या खाली ठेवली, म्हणजे ते पाणी परत तळावर येणार नाही.

पोकळी मोजली: 10 लिटरची बादली खडीनं काठोकाठ भरली, मोजपात्रानं पाणी ओतलं, 4.1 लिटर मावलं. 41 टक्के. गणितात 40 धरले होते.

काळ्या मातीच्या खड्ड्यातली सोडून खडी 89 घनमीटर, म्हणजे साडेएकतीस ब्रास. त्यातली पाच ब्रास वरच्या 50 मिमी थरासाठी बारीक, 10 ते 12 मिमीची. दाबल्यावर बसणारी आणि धुण्यात जाणारी धरून दहा टक्के जास्त मागवली.

20 जानेवारी

टप्प्यांमधल्या आडव्या भिंती उभ्या राहिल्या: 100 मिमी जाड, वरच्या टप्प्याच्या तळापासून 200 मिमी उंच. वरचा टप्पा भरला की पाणी भिंतीवरून खालच्या टप्प्यात पडेल. शेवटच्या टप्प्यातून 110 मिमीचा पीव्हीसी पाइप पावसाळी गटाराला जोडला.

जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड; न विणलेलं, चौरस मीटरला 200 ग्रॅमचं) फक्त बाजूंच्या उभ्या कडांना लावलं, तळाला नाही. तळाला घातलं की बारीक गाळ त्या कापडावरच साचतो आणि कापड हाच बूच होतो. मुरमावर स्वच्छ खडी थेट बसते. बाजूच्या मातीचं तसं नाही, ती खडीत ढासळत राहते. इमारतीकडच्या कडेला मात्र कापडाऐवजी 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद तळापर्यंत सोडला, पायाकडे पाणी जाऊ नये म्हणून.

खडी 150 मिमीच्या थरांत पसरून एक टनी रोलर कंप बंद ठेवून फिरवला. कंप चालू ठेवला की खडे एकमेकांवर घासून पुन्हा भुकटी तयार होते. प्रत्येक टप्प्यात एक उभा निरीक्षण पाइप ठेवला: तळाशी भोकं पाडलेला, वर झाकण. पावसाळ्यात खाली काय चाललंय ते दाखवणारी ही एकच खिडकी आहे, आणि नंतर बसवायची म्हटली तर फरशी फोडावी लागते.

24 जानेवारी

मिश्रण. आयएस (भारतीय मानक) 12727 हे विनावाळू काँक्रीटचं मानक 1989 चं आहे. आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस) 44 च्या 2017 च्या आवृत्तीत सच्छिद्र काँक्रीटचं प्रमाण ठरवण्याची पद्धत आहे. चाचण्यांना एएसटीएम या अमेरिकेतल्या मानक संस्थेची दोन मानकं धरली: ताज्या मालाच्या पोकळीला सी 1688, जागेवरच्या झिरपण्याला सी 1701.

एका घनमीटरला:
सिमेंट (ओपीसी 53, म्हणजे 53 ग्रेडचं साधं पोर्टलंड सिमेंट) 350 किलो
खडी 10 मिमी (12.5 च्या चाळणीतून जाणारी, 4.75 वर राहणारी) 1560 किलो
क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) 90 किलो
पाणी 105 लिटर

घनफळं: सिमेंट 0.111, खडी (विशिष्ट गुरुत्व 2.85) 0.547, सँड 0.033, पाणी 0.105. बेरीज 0.796. उरलेले 20 टक्के पोकळी. पंधरा टक्क्यांच्या खाली गेलो तर छिद्रं एकमेकांना जोडलेली राहत नाहीत. पंचवीसच्या वर गेलो तर खडे धरून ठेवायला पेस्ट पुरत नाही. सँड मुद्दाम थोडीच, खडीच्या सहा टक्क्यांच्या आत. तिच्यामुळे दोन खड्यांमधला सांधा जाड होतो. दहा टक्क्यांवर नेली की छिद्रात बसू लागते.

मिक्सर एका गोणीचा. त्यामुळे एका घाण्याला सिमेंट 50 किलो, खडी 223 किलो, सँड 13 किलो, पाणी 15 लिटर. खडी आणि सँड वजन काट्यावरच. घमेल्यांच्या मोजणीवर हे काँक्रीट होत नाही.

पाण्याबद्दल सविस्तर, कारण सगळं काम इथेच बिघडतं. आपला बेसाल्ट एक-सव्वा टक्का पाणी पितो. उन्हात तापलेली कोरडी खडी 1.2 टक्के प्यायली तर घनमीटरला जवळपास 19 लिटर पाणी तिच्या पोटात गेलं. आपण टाकलेल्या 105 पैकी सिमेंटला 86 उरले आणि पाणी-सिमेंट प्रमाण 0.30 वरून 0.25 वर आलं. उलट, नुकत्याच भिजवलेल्या खडीवर एक टक्का पाणी सुटं असेल तर तेच प्रमाण 0.34 होतं. साध्या काँक्रीटमध्ये एवढा फरक स्लम्पमध्ये (ओला माल किती बसतो त्या मापात) थोडासा दिसतो आणि निभावतो. इथे खालच्या टोकाला खडे सुटतात आणि वरच्या टोकाला तळ बंद होतो. म्हणून ढीग आदल्या संध्याकाळी भिजवायचा, रात्रभर निथळू द्यायचा, वर ताडपत्री टाकायची. सकाळी खडा आतून ओला आणि वरून मंद, चकाकी नसलेला हवा.

मिक्सरमधला क्रम: आधी खडी, थोडं पाणी आणि सिमेंटचा विसावा भाग टाकून एक मिनिट. खड्यांवर पातळ लेप बसतो आणि पुढची पेस्ट त्याला धरते. मग उरलेलं सिमेंट, सँड आणि रसायनं मिसळलेलं उरलेलं पाणी, तीन मिनिटं. रसायनांत एक सेटिंग लांबवणारं आणि एक पेस्ट घट्ट धरणारं. दोन्ही पाण्यात मिसळूनच, कोरड्या खडीवर कधीच नाही.

27 जानेवारी

नमुना चौकट 1. 3 × 3 मीटर, साडेनऊ गोण्या. पेस्ट नीट फिरत नाही असं वाटून मिक्सरवर पाणी वाढवलं गेलं, घाण्याला 17 लिटर. प्रमाण 0.34.

ताज्या मालाची चाचणी: सात लिटरचा डबा दोन थरांत भरायचा, प्रत्येक थराला अडीच किलोच्या प्रॉक्टर हातोड्याचे 305 मिमीवरून 20 ठोके. घनता घनमीटरला 2175 किलो, पोकळी 17 टक्के. कागदावर चालण्यासारखं.

पृष्ठभाग देखणा आला. एकही खडा सुटा नाही. इथेच शंका यायला हवी.

30 जानेवारी

चौकट 1 ची झिरपण चाचणी: 300 मिमी व्यासाचं कडं पुट्टीनं फरशीला चिकटवलं. आधी 3.6 किलो पाणी ओतून वेळ घ्यायची. 30 सेकंदांच्या आत जिरलं तर मुख्य चाचणी 18 किलोची, नाहीतर पुन्हा 3.6 चीच. कड्यात 10 आणि 15 मिमीवर दोन रेघा असतात, ओतताना पातळी त्यांच्यामध्ये ठेवायची. इथे 3.6 किलोला 140 सेकंद लागले. तासाला सुमारे 1,300 मिमी.

चौकट करवतीनं उभी कापली. वरचे 110 मिमी जाळीदार, खालचे 35 ते 40 मिमी पाट्यावर वाटल्यासारखे भरीव. पातळ पेस्ट खड्यांवरून ओघळली आणि तळाशी साचून लादी झाली. जे पाणी गेलं ते बाजूच्या कडांनी गेलं. डब्यानं 17 टक्के सांगितलं ते खोटं नव्हतं. डबा सगळ्या पोकळीची बेरीज सांगतो, ती कुठे आहे ते सांगत नाही. म्हणून नमुना चौकट कापून बघितल्याशिवाय मिश्रण पास करायचं नाही.

चौकट 2 त्याच दिवशी, 15 लिटरवर, खडी रात्रभर निथळलेली. घनता 2110, पोकळी 20.2 टक्के, डब्यातला माल 14.77 किलो. मुठीची परीक्षा सगळ्यांना करून दाखवली: मूठभर माल दाबून हात उघडायचा. बुंदीचा लाडू वळतो तसा गोळा राहिला पाहिजे, दाणा न् दाणा दिसणारा. पाक कच्चा असला तर तळहातावर पेस्टचा डाग पडतो आणि दाण्यांमधल्या फटी बुजतात. पाक जास्त शिजला तर गोळा उघडताच भुगा होतो. खड्यावर ओल्या धातूसारखी तुकतुकी हवी, ओघळ नको. मिक्सरवरच्या माणसाला हे एकदा हाताला कळलं की तो काट्याच्या आधी सांगतो.

2 फेब्रुवारी

चौकट 2: 18 किलो पाणी 52 सेकंदांत. तासाला 17,600 मिमी. कापल्यावर तळापर्यंत जाळी. हेच मिश्रण कायम.

7 फेब्रुवारी

पट्टा 1. चार पट्टे, प्रत्येकी 3 मीटर रुंद, 24 मीटर लांब, 10.8 घनमीटर, 76 गोण्या. दोन मिक्सर. सुरुवात सकाळी साडेसहाला, कारण अकरानंतर वारा सुटतो.

शटरिंगला 150 मिमी उंचीचा लोखंडी चॅनेल. त्यावर 12 मिमी प्लायच्या पट्ट्या. माल चॅनेलपेक्षा 12 मिमी उंच ओढून घ्यायचा, पट्ट्या काढायच्या, मग रोलरनं तो 12 मिमी दाबून चॅनेलच्या पातळीला आणायचा. दाबण्याचं माप या प्लायमध्येच असतं. रोलर म्हणजे 250 मिमी व्यासाचा, 6 मिमी जाडीचा लोखंडी पाइप, वाळू भरून दोन्ही तोंडं बंद केलेला. लांबी 3.2 मीटर, वजन 340 किलोच्या आसपास. दोन्ही बाजूंनी दोघं-दोघं ओढतात. दोन फेऱ्या लांबीत, एक आडवी हलक्या रोलरनं.

टाकण्याआधी खालची बारीक खडी झारीनं ओली केली. कोरडी खडी काँक्रीटच्या तळातलं पाणी ओढते.

माल ढकलगाडीनं आणून लगेच जागेवर. फावड्यानं लांबवर ओढायचा नाही, दाताळ्यानं फक्त पसरायचा. पसरलेल्या मालात गमबूट घालून चालायचं नाही, जिथे टाच पडते तिथली पोकळी जाते. व्हायब्रेटर साइटवर आणलाच नाही. पाणी टाकल्यापासून रोलर फिरेपर्यंत 45 मिनिटांची मर्यादा ठेवली. प्रत्येक घाण्याची वेळ मिक्सरजवळच्या फळ्यावर खडूनं लिहिली.

सगळ्यात जास्त लक्ष मिस्त्रींच्या हातांवर ठेवावं लागलं. आयुष्यभर गुळगुळीत फरशी हीच कारागिरीची खूण मानलेली. खडबडीत पृष्ठभाग दिसला की थापी आपोआप हातात येते, मागून पाण्याचा शिंतोडा, मग नीरू (सिमेंटचा गुळगुळीत लेप). थापीचे चार हात फिरले की वरची छिद्रं पेस्टनं मिटतात आणि खाली कितीही जाळी असली तरी पाणी वरूनच वाहून जातं. थाप्या आणि रंधे साइटच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. कडेला रोलर पोचत नाही तिथे 200 × 200 च्या लोखंडी ठोकणीनं हलकं ठोकलं, घासलं नाही.

सांधे दर 4 मीटरला. 3 × 4 ची चौकट राहते, लांबी रुंदीच्या दीडपटीच्या आत. खोली 40 मिमी, म्हणजे जाडीच्या पाव हिश्श्याहून थोडी जास्त. ओल्या काँक्रीटमध्येच, मधोमध गोल पातं बसवलेल्या छोट्या रोलरनं दाबून. नंतर करवतीनं कापले तर कापण्याचा चिखल थेट छिद्रांत जातो.

रोलर पुढे गेला की मागे 200 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. रोलर आणि कागद यांच्यात वीस मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू दिलं नाही. या काँक्रीटला खालून वर येणारं पाणी नसतं आणि हवा सगळीकडून लागते, त्यामुळे वरचा थर डोळ्यांदेखत सुकतो. आळी बांधून पाणी साठवायची पद्धत इथे चालत नाही, पाणी थांबतच नाही. गोणपाटही नको, वाऱ्यानं तास-दोन तासांत सुकतं. कागदाच्या कडा फळ्या आणि चॅनेलनं दाबल्या. माती किंवा वाळूचे ढिगारे ठेवायचे नाहीत. कागद काढताना तीच वाळू फरशीत जाते.

संपलं सव्वाअकराला. डब्याच्या तीन चाचण्या: 2095, 2120, 2105. मिश्रणातल्या वजनांच्या बेरजेच्या, म्हणजे 2105 च्या जवळच.

9 फेब्रुवारी

पट्टा 3. साडेनऊनंतर ताडपत्री अर्धी बाजूला करून ठेवली गेली आणि ढिगाचा वरचा थर वाळला. घाणे 49 ते 58 मध्ये मुठीत भुगा. मिक्सरवर लक्षात यायला दहा घाणे गेले, तोवर सव्वातीन मीटर लांबी टाकून झाली होती. डबा: 2035, पोकळी 23 टक्के.

रोलरनंतर पृष्ठभाग राखाडी, निस्तेज, तुकतुकी नाही. अंगठ्यानं ढकलला तर खडा सुटतो. वरून पाण्याचा फवारा मारून असा भाग वाचत नाही. पेस्ट खड्यावरून धुऊन खाली जाते, म्हणजे कोरडेपणाच्या जोडीला बंद तळही पदरात पडतो.

निर्णय: सांध्यापासून सांध्यापर्यंतची पूर्ण 4 मीटरची चौकट आजच काढायची, माल अजून फावड्यानं निघतो आहे. सिमेंट-वाळूच्या मसाल्यानं ठिगळ लावलं तर तेवढी जागा कायमची बंद होते. चौकट काढली, खालची बारीक खडी पुन्हा पातळीला आणली, ढीग भिजवून उद्या निथळल्यावर भरणार.

10 फेब्रुवारी

चौकट भरली. 12 गोण्या आणि थोडी. आतापासून ढिगाच्या मागच्या बाजूनंच खडी उचलायची आणि दर दहाव्या घाण्याला मूठ.

17 फेब्रुवारी

पट्टा 1 आणि 3 वरचा कागद सकाळी काढला, पट्टा 3 ची नवी चौकट सातव्या दिवशीच उघडी झाली. तिचा रंग शेजारच्यांपेक्षा थोडा गडद. ब्रश मारल्यावर पहिल्या झाडणीत मूठभर सुटे खडे निघाले, तेवढे निघतातच. दुसऱ्या झाडणीत नाही.

20 आणि 22 फेब्रुवारी

पट्टा 2 आणि 4. रोलर आता शेजारच्या तयार पट्ट्यांवरून जातो, म्हणून 12 मिमीच्या प्लायच्या पट्ट्या त्यांच्या कडेवरच ठेवल्या, खाली कागद घालून. मिक्सर धुतलेलं पाणी ड्रममध्ये साठवून बाहेर नेलं. फरशीच्या आसपास मिक्सर धुणं पूर्ण बंद.

10 मार्च

झिरपण चाचणी, आठ बिंदू. सगळीकडे 18 किलोची. सगळ्यात वेगवान 44 सेकंद, सगळ्यात मंद 66. म्हणजे तासाला 20,800 ते 13,900 मिमी. बिंदूंच्या जागा कडेच्या दगडावर रंगानं खुणावल्या. पुढच्या प्रत्येक वर्षी त्याच जागी मोजायचं, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही.

गाड्या सोडल्या. पाण्याचे टँकर या भागात येणार नाहीत, त्यांचा रस्ता साध्या काँक्रीटचा वेगळा ठेवलाय. भरलेल्या टँकरचं चाक जागच्या जागी वळलं की वरचे खडे उपटून निघतात. 150 मिमी जाडी मोटारींसाठी धरलेली आहे.

22 मार्च

पट्टा 1 आणि 2 मधून तीन कोअर (फरशीतून कापून काढलेले गोल नमुने). दाब सोसण्याची ताकद 14.1, 15.6 आणि 16.2 एमपीए (मेगापास्कल). मोटारींच्या पार्किंगला पुरेसं. साध्या क्यूबचे आकडे इथे मागू नयेत. साच्यात सळईनं ठासलेला माल जागेवरच्या रोलरनं दाबलेल्या मालासारखा नसतो.

24 जून

पहिला चांगला पाऊस. साइटवरच्या पर्जन्यमापकात 31 मिमी. फरशीवर कुठेही पाणी उभं नाही, खालच्या टोकाच्या गटारात पाइपमधून थेंबही नाही. निरीक्षण पाइपात खालच्या टप्प्यात संध्याकाळी 45 मिमी पातळी, सकाळी कोरडा.

13 जुलै

दुपारच्या सरीनंतर सहा वाजता खालच्या टप्प्यात 150 मिमी. पाऊस थांबलेला. अकरा वाजता 40 मिमी. पाच तासांत 110 मिमी पातळी उतरली, खडीतली पोकळी धरून 44 मिमी पाणी, म्हणजे तासाला 8.8 मिमी.

खड्ड्यात 27 मोजले होते, निम्मे करून 13.5 धरले होते, प्रत्यक्षात 8.8. बाजूनं मुरणं इथे जवळपास नाही आणि तळ कितीही जपला तरी थोडा दबतोच. पूर्ण भरलेला 80 मिमी साठा या वेगानं नऊ तासांत उतरेल. पुढच्या कामांना याच मुरमात खड्ड्याच्या आकड्याचा तिसरा हिस्सा धरायचा.

19 ऑगस्ट

बिंदू 4 जवळ सरीच्या वेळी पाणी वाहताना दिसलं. वरच्या बाजूच्या फुलझाडांच्या वाफ्यातली माती कडेवरून येते आहे. वाफा फरशीपेक्षा 60 मिमी उंच, मधली कड तीन ठिकाणी तुटलेली. चाचणी: 3.6 किलोला 76 सेकंद, तासाला 2,400 मिमी. मार्चमध्ये इथे 18 किलोला 57 सेकंद, म्हणजे 16,100 होते. बाकीचे सात बिंदू मार्चच्या तीन चतुर्थांशाच्या वर आहेत.

आधी वाफा, मग सफाई. उलट क्रमानं केलं तर पहिल्याच सरीत तेच. वाफ्यातली माती कडेपेक्षा 75 मिमी खाली घेतली, कड 100 मिमी उंच सलग बांधली. मसाला बाहेर कालवून आणला.

4 ऑक्टोबर

सफाई. माती ओली असताना ओढली तर छिद्रात लिंपते, म्हणून चार कोरडे दिवस जाऊ दिले. आधी कडक ब्रशनं मोकळं केलं, मग मोठ्या व्हॅक्यूमनं ओढलं. बिंदू 4 च्या आसपासचे 30 चौरस मीटर त्यानंतर प्रेशर वॉशरनं धुतले: नोझल तिरपं, फरशीपासून फूटभर वर, आणि मागोमाग व्हॅक्यूम. नोझल सरळ खाली धरलं की माती आणखी दोन इंच आत जाते आणि तिथून ती निघत नाही.

निघालेला गाळ सव्वादोन घमेली, चहाच्या चोथ्यासारखा काळसर, त्यात बारीक मुळं.

बिंदू 4: 18 किलोला 94 सेकंद, तासाला 9,750 मिमी. गेलेलं सगळं परत आलेलं नाही. 25 ते 30 मिमी खोल बसलेला भाग तसाच आहे.

सोसायटीच्या कार्यालयात लावलेला कागद: दर आठवड्याला कोरडा झाडू. वर्षातून दोनदा व्हॅक्यूम, मे अखेर आणि ऑक्टोबरात. पार्किंगवर वाळू, माती, खत किंवा बांधकामाचा माल उतरवू नये, ताडपत्री अंथरूनही नाही. रंगकाम करणाऱ्यांनी ब्रश आणि डबे इथे धुऊ नयेत. आठ बिंदूंची चाचणी दर मार्चला, कडं आणि पुट्टी पंपाच्या खोलीत.